स्किटमधल्या पात्राची छोटी कार्टून मालिका: सहा भाग, प्रत्येकी चार मिनिटं

कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा गणपती मंडळाच्या मंचावर एखादं पात्र असं गाजतं की नटाला पुढे वर्षभर लोक त्याच पात्राच्या नावाने हाक मारतात. मग कुणीतरी म्हणतं, "अबे, याचं कार्टून काढ ना." इथून पुढे बहुतेक मंडळी थेट टॅब्लेट उघडून चित्रं काढायला बसतात आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर थांबतात. पहिल्याच भागात पात्राच्या सगळ्या लकबी वापरून झालेल्या असतात, पुढे त्याने करायचं काय हे कुणालाच सुचत नाही. चित्रकला चांगली असूनही मालिका बंद पडते ती यामुळे.

स्किटमधलं पात्र चार मिनिटांसाठी घडलेलं असतं. त्याला भागामागून भाग जगवायचं असेल तर दोन गोष्टी नव्याने द्याव्या लागतात: त्याला मनापासून हवी असलेली एक वस्तू, आणि त्याच्या वाटेत रोज येणारी तीन-चार माणसं. खालची सगळी पद्धत या दोन गोष्टींभोवती उभी आहे.

आधी एक जुनं उदाहरण

मार्टिन शॉर्ट या कॅनडाच्या नटाने एड ग्रिमली हे पात्र टोरांटोच्या सेकंड सिटी या विनोदी नाट्यसंस्थेच्या मंचावर रंगवलं, पुढे 'एससीटीव्ही' या कॅनडाच्या विनोदी टीव्ही कार्यक्रमात आणि १९८४-८५ मध्ये अमेरिकेच्या 'सॅटरडे नाइट लाइव्ह'मध्ये नेलं. कपाळावर टोकदार उभा केलेला केसांचा शेंडा, छातीपर्यंत ओढलेली पँट, ट्रँगल वाजवण्याचा नाद आणि 'आय मस्ट से' हे पालुपद. १९८८ साली हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीने त्याच्यावर 'द कम्प्लीटली मेंटल मिसअॅडव्हेंचर्स ऑफ एड ग्रिमली' ही मालिका काढली. एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर शनिवारी सकाळी लागायची. १३ भाग झाले आणि थांबली.

कार्टूनवाल्यांनी त्यात काय काय जोडलं ते बघण्यासारखं आहे. एडला घरमालक दिला, त्याला जोनाथन विंटर्स या विनोदी नटाचा आवाज. शेजारी दिले, घरात मोबी नावाचा गोल्डफिश दिला. गुस्ताव बंधू नावाची जोडी मध्येच येऊन विज्ञान समजावून सांगायची. जो फ्लॅहर्टी या नटाने रंगवलेला 'एससीटीव्ही'तला काउंट फ्लॉइड तर कार्टूनच्या मधोमध खराखुरा, हाडामांसाचा माणूस म्हणून यायचा. एडचा आवाज मात्र शॉर्टने स्वतःच दिला. म्हणजे आवाज आणि बाह्याकृती जशीच्या तशी ठेवली, बाकी जग नवीन बांधलं. ही वाटणी बरोबर आहे, तीच घ्या.

अडचणीची जागाही यात दिसते. रात्री साडेअकराला लागणाऱ्या कार्यक्रमातलं पात्र सकाळच्या मुलांपुढे उभं केलं होतं. तुमच्या बाबतीतही हेच होणार: ज्यांनी स्किट पाहिलंय ते पन्नास-शंभर लोक, आणि ज्यांनी पाहिलं नाही ते बाकी सगळे. पहिला भाग त्या बाकीच्यांसाठी लिहा. 'आपल्याला माहीतच आहे' असं गृहीत धरलेलं एकही वाक्य त्यात नको.

आणि १३ भागांत संपली म्हणून ती मालिका फसली असं समजू नका. थोड्या भागांची, शेवट आधीच ठरलेली मालिका हा छोट्या चमूसाठी सगळ्यात शहाणा आकार आहे. चार माणसं नोकरी-कॉलेज सांभाळून सहा भाग पूर्ण करू शकतात. पंचवीस भागांचा संकल्प मात्र सातव्या भागाला दम सोडतो.

पात्र टिकेल का, हे तपासा

इथे उदाहरणासाठी नागपुरातलं एक पात्र कल्पू: रामभौ कूलरवाला, घरोघरी कूलर दुरुस्त करणारा. वय पन्नाशीचं. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, खिशातून पंपाची वायर लोंबते आहे, हातात पेचकस. कुठल्याही कामाला "दहा मिनटं!" म्हणतो. स्किटमध्ये तो गृहिणीचा कूलर उघडतो, भाग पसरवतो, दुसऱ्या घरी जातो, तिथे पसरवतो, शेवटी सगळ्यांचे भाग एकमेकांत मिसळतात. हशा, टाळ्या, पडदा.

पहिली तपासणी काळ्या आकृतीची. पात्राचं चित्र काढा आणि आतून पूर्ण काळं भरा. दहा फुटांवरून ओळखू येतं का? रामभौच्या बाबतीत दुपट्ट्याची गाठ आणि लोंबती वायर बाहेर दिसायला हवी, नाहीतर तो कुठलाही काका वाटेल. नागपूरकरांना ही गोष्ट वेगळी शिकवायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे बडगे, म्हणजे टवाळीचे पुतळे, आठवा. गर्दीच्या मागून, लहान मुलाच्या खांद्यावरून बघणाऱ्यालाही तो कुणाचा बडग्या आहे ते कळतं, कारण बनवणाऱ्याने एकच अंग फुगवलेलं असतं आणि बाकी सोडून दिलेलं असतं. तुमच्या पात्रात तीन गोष्टी फुगवलेल्या असतील तर दोन काढा.

दुसरी तपासणी आवाज बंद करून. नटाचा स्किटचा व्हिडिओ म्यूट करून बघा. हसू आलं तर अंगात माल आहे. अजिबात आलं नाही तर विनोद पूर्ण शब्दांत आहे, आणि मग कार्टून काढण्यापेक्षा ऑडिओ मालिका बरी. मिस्टर बीन मंचावरून टीव्हीवर आणि २००२ पासून कार्टूनमध्ये सहज गेला, कारण तो मुळातच अंगाने बोलणारा होता.

तिसरी तपासणी इच्छेची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'याला काय हवंय?' या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लिहा. 'लोकांना हसवायचंय' हे उत्तर बाद. 'पैसे हवेत' हेही कमकुवत, कारण ते सगळ्यांनाच हवेत. रामभौसाठी चालणारं उत्तर असं: तो दिवसभर इतरांसाठी गार हवा सुरू करतो, पण भर उन्हात गॅलरीबाहेर स्टुलावर उभा राहून; आत येऊन कूलरसमोर दोन मिनिटं बसा, असं त्याला आजवर कुणी म्हटलेलं नाही. त्याला ते एकदा ऐकायचंय. तो कधीच तोंडाने सांगत नाही, पण प्रत्येक भागात एकदा त्याची नजर आतल्या खुर्चीकडे जाते. या एका ओळीतून सहा भाग निघतात. विनोदाला आतून ओल येते, आणि शेवटच्या भागाचा शेवटही हाताशी लागतो.

चौथी, जागेची. पात्राला त्याच्या नेहमीच्या जागेतून उचलून तीन परक्या जागी ठेवा. लग्नाच्या मांडवातला मोठा कूलर; परीक्षा चालू असलेली शाळा, जिथे ठोकाठोक करायची नाही; आणि डिसेंबरची थंडी, गावात हिवाळी अधिवेशनाची गडबड आणि कूलर कुणालाच नको. तिन्ही ठिकाणी वेगळी गोष्ट घडत असेल तर पात्र टिकेल. तिन्ही ठिकाणी तोच विनोद होत असेल तर ते स्किटच राहू द्या.

कागद करून घ्या

हे काम मित्रामित्रांत लाजेखातर राहून जातं आणि मालिका चालायला लागली की त्यावरूनच वाजतं. स्किट लिहिणारा, पात्र रंगवणारा आणि चित्र काढणारा हे तिघे वेगळे असतील तर तिघांचेही हक्क वेगळे आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो, आणि तुमची मालिका तर इंटरनेटवरून जगभर दिसणार. आणखी एक: वेगळं काही ठरवलं नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो संपुष्टात आल्याचं मानलं जातं. म्हणून मुदत, प्रदेश, माध्यम, मोबदला आणि 'एक वर्षाची अट लागू नाही' अशा पाच गोष्टी एका पानावर लिहा. पात्राचा चेहरा नटाच्या चेहऱ्यावरून काढणार असाल तर त्याची संमतीही त्याच पानावर घ्या.

लेखन

चार मिनिटांच्या भागासाठी संवादाचे ३५० ते ४०० शब्द पुरेत. स्किटच्या सवयीने लिहिणारा ७०० लिहितो, मग चित्रांना हालायला जागा उरत नाही आणि सगळा भाग बोलकी डोकी दाखवण्यात जातो. पहिला खर्डा झाला की प्रत्येक वाक्यापुढे विचारा: हे दाखवता येईल का? येत असेल तर वाक्य खोडा.

भागाची बांधणी साधी ठेवा. पहिल्या २० सेकंदांत काम काय आणि अडथळा कोण हे कळलं पाहिजे. पहिल्या मिनिटाअखेर गोष्ट बिघडायला लागावी. तिसऱ्या मिनिटापर्यंत ती इतकी बिघडावी की परत जुळणं अशक्य वाटेल. शेवटच्या २० सेकंदांत नवीन माणूस आणू नका.

पालुपदाचा हिशोब वेगळा. मंचावर चार मिनिटांत "दहा मिनटं!" पाचदा चालतं, कारण लोक त्याची वाट बघतात. सहा भागांत तेच तीसदा होईल. भागात दोनदाच ठेवा, आणि त्यातलं एक उलटं वापरा: कधी ते दुसऱ्याच्या तोंडी द्या, कधी रामभौ ते म्हणायला तोंड उघडतो आणि गप्प होतो.

बोली नागपुरीच ठेवा, पण 'बे' आणि 'काहून' पेरले म्हणजे बोली झाली असं नाही. बोली वाक्याच्या चालीत असते. हा तुकडा बघा:

काकू: रामभौ, दहा मिनटं म्हनले होते ना तुमी?
रामभौ: हाव ना काकू. दहाच मिनटं.
काकू: सकायपासून बसून राहिले!
रामभौ: मंग? दहा मिनटं सुरू कधी झाले, ते नाई विचारलं तुमी.

'सकाळ'चं 'सकाय', 'म्हणले'चं 'म्हनले', 'बसून राहिले' ही चालू क्रिया दाखवायची पद्धत. कुठेही जोर देऊन 'बघा आम्ही वऱ्हाडी बोलतो' असं केलेलं नाही. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासाठी खाली प्रमाण मराठीत सबटायटल द्या, संवाद मात्र पातळ करू नका. एका भागात सगळ्यांची बोली एकसारखीही नको. काकू, शाळेतले सर, सावनेरकडून आलेला मदतनीस पोट्टा, प्रत्येकाचा ढंग थोडा वेगळा असतो. लिहून झाल्यावर नुसते संवाद वाचा. नाव झाकून कोण बोलतंय हे कळलं पाहिजे.

आवाज आधी, चित्र नंतर

संवाद रेकॉर्ड झाल्याशिवाय एकही शॉट हलवू नका. नंतर आवाज बसवायला गेलं की नट चित्राच्या मागे धावतो आणि त्याची लय मरते.

नागपुरात रेकॉर्डिंगचा खरा शत्रू म्हणजे उन्हाळा. कूलर लावला तर त्याची घरघर माइकमध्ये येते, बंद केला तर दहा मिनिटांत नटाला घाम फुटतो आणि आवाज थकतो. पंख्याचीही घरघर नंतर सॉफ्टवेअरने काढता येते, पण त्याबरोबर आवाजाची धार जाते. एप्रिल ते जून रेकॉर्डिंग करायचं तर पहाटे ५ ते ७ मध्ये करा. सगळ्यात बरं म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत सहाही भागांचा आवाज एका आठवड्यात उरकून घ्या.

खोली लहान, तीन भिंतींना गाद्या किंवा जाड रजया उभ्या केलेल्या. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, थोडा तिरका, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची फुंकर अडवणारी जाळी. नाहीतर 'पंप', 'फट', 'भौ' या शब्दांना धपधप आवाज येतो. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान यावा. नटाला उभं करा, हातात खरा पेचकस द्या, डोक्याला दुपट्टा बांधा. बसून बोललेला रामभौ आणि स्टुलावर चढून बोललेला रामभौ यांच्या श्वासात फरक असतो आणि तो ऐकू येतो. सत्राच्या शेवटी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प राहून खोलीचा रिकामा आवाज रेकॉर्ड करा. संपादनात दोन वाक्यांमधल्या फटी त्यानेच भरायच्या असतात.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीवरून आलेला नट मिळाला तर सोनं. वडसा भागातली ही मंडळी रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकात हजारोंच्या पुढे उभी राहतात, त्यांचं विनोदाचं टायमिंग पक्कं असतं. पण मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय खोलीत येते आणि रेकॉर्डिंग फाटतं. त्यांना 'हळू बोला' म्हणू नका, अभिनय मंदावतो. माइक ३०-४० सेंटिमीटर मागे घ्या आणि गेन, म्हणजे माइक आवाज किती वाढवून घेतो ती पातळी, कमी करा.

रेकॉर्डिंग चालू असताना मोबाइलने नटाचा व्हिडिओ जरूर घ्या, भुवया आणि हात नंतर त्यावरूनच काढायचे आहेत. इथे एक फसगत ठरलेली आहे. मोबाइल बऱ्याचदा बदलत्या फ्रेम-रेटने (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, ते) शूट करतो, त्यामुळे दोन मिनिटांनंतर व्हिडिओ आणि आवाज एकमेकांपासून सरकतात. हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्राममधून व्हिडिओ आधी सेकंदाला स्थिर २४ फ्रेमवर आणा, मगच वापरा. संपूर्ण प्रकल्प २४ ठेवायचा की २५ हे पहिल्या दिवशी ठरवा. चार मिनिटं म्हणजे २४ च्या हिशोबाने ५,७६० फ्रेम. त्याच फ्रेम चुकून २५ ने वाजल्या तर भाग २३० सेकंदांत संपतो आणि सुमारे १० सेकंदांचा आवाज चित्राबाहेर लोंबतो.

हशाची जागा

मंचावर नट हसू ओसरेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबतो. त्याच रेकॉर्डिंगवर कार्टून केलं तर तो थांबा मेलेला वाटतो, कारण समोर हसणारं कुणी नाही. थांबा कापून टाकला तरी चूक, मग विनोद पोचायच्या आधीच पुढचं वाक्य येतं. उपाय असा: थांबा १२ ते १८ फ्रेमचा करा आणि त्या जागी दुसऱ्या पात्राची प्रतिक्रिया दाखवा. काकूंच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत येऊन थांबलेला, बस. दचकण्यासाठी साधारण ४ फ्रेम अंग खाली दबवा, २ फ्रेममध्ये वर उडवा, मग ८ ते १२ फ्रेम तसंच धरा. हे शेवटचं धरणंच नवशिके विसरतात. पापणी मिटून उघडायला ४ ते ६ फ्रेम पुरतात.

हे सगळं अॅनिमॅटिकमध्ये तपासायचं, म्हणजे आवाजावर नुसती कच्ची रेखाटनं लावून. चार मिनिटांना ८० ते १२० रेखाटनं लागतात. ते पाच जणांना दाखवा, त्यातल्या तिघांनी स्किट पाहिलेलं नसावं. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्या तोंडाकडे बघा, आणि जिथे त्यांची नजर मोबाइलकडे गेली ती वेळ लिहून ठेवा. बदल याच टप्प्यावर करा. रंगवून झाल्यावर कापलेला दहा सेकंदांचा शॉट म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस.

तोंडाच्या आकृत्या

मराठीसाठी आठ तोंडं पुरतात: मिटलेले ओठ (प, ब, भ, म), किंचित उघडं, दात जवळ (स, श, त, क आणि इ), मध्यम उघडं (ए, अ), पूर्ण उघडं (आ), गोल (ओ, ऑ), चंबू (उ), खालचा ओठ वरच्या दातांना (व), जीभ वर (ल). नववं तोंड विश्रांतीचं. 'फ' तुमचा नट कसा म्हणतो ते ऐका. काही जण दोन्ही ओठ मिटून म्हणतात, काही जण दात टेकवून. त्याप्रमाणे पहिलं किंवा 'व'चं तोंड लावा.

इथे बोलीचा थेट संबंध येतो. वऱ्हाडी-नागपुरीत 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. संहिता प्रमाण मराठीत लिहून तोंडं तीवरून लावली, तर ऐकू येतो 'य' आणि जीभ मात्र 'ळ'साठी वळलेली दिसते. बघणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण 'डब केल्यासारखं वाटतं' असं तो म्हणतो. म्हणून तोंडं लावणाऱ्याच्या हातात संहिता देऊ नका. रेकॉर्डिंग ऐकून, जसं बोललं गेलं तसंच लिहिलेला कागद द्या.

रूबार्ब लिप सिंक हा मोफत प्रोग्राम आवाजावरून तोंडं आपोआप लावतो. त्याचं नेहमीचं सेटिंग इंग्रजीसाठी आहे; मराठीसाठी 'फोनेटिक' हा पर्याय निवडा. त्यानंतर हाताने दोनच गोष्टी तपासा: प्रत्येक प-ब-भ-म ला ओठ खरोखर मिटतात का, आणि तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हलतं का. आधी हललेलं डोळ्याला चालतं, उशिरा हललेलं खुपतं. भराभर बोलताना प्रत्येक अक्षराला तोंड देऊ नका, नाहीतर ओठ फडफडतात. दोन फ्रेमपेक्षा कमी वेळ कुठलंही तोंड ठेवू नका.

चित्रं आणि हालचाल

ओपनटून्झ, क्रिटा आणि ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल, तिन्ही मोफत प्रोग्राम आहेत आणि तिन्हींवर ही मालिका होऊ शकते. छोट्या चमूला सुट्या भागांची बाहुली सोयीची: डोकं, धड, हात, पाय वेगळे काढून सांध्यांवर फिरवायचे. सराव झालेला एक माणूस अशा बाहुलीवर दिवसाला १० ते १५ सेकंद पूर्ण करतो, म्हणजे एका भागाला १६ ते २४ दिवस. प्रत्येक फ्रेम हाताने काढायची तर दिवसाला दोन-चार सेकंदच होतात. ते फक्त खास जागांसाठी राखा, उदाहरणार्थ रामभौ स्टुलावरून पडतो तो क्षण.

बाहुली बांधण्याआधी पात्राचं पान तयार करा: समोरून, पाऊण वळलेलं, बाजूने, मागून, सहा भाव, हातांचे आठ आकार, आणि बाकी सगळी पात्रं शेजारी उभी करून उंचीची तुलना. सांध्याच्या जागी प्रत्येक तुकडा थोडा गोल आणि थोडा जास्त लांब काढा, नाहीतर कोपर वाकवला की फट पडते.

कूलरचा पंखा ही लहान पण हमखास चुकणारी गोष्ट. चार पात्यांचा पंखा प्रत्येक चित्रात ४५ अंश फिरवला तर तो कोणत्या दिशेने फिरतोय हे डोळ्याला कळत नाही, नुसता थरथरतो. ६० अंश फिरवला तर उलटा फिरताना दिसतो. ३० अंश फिरवा. चार पाती दर ९० अंशांना सारखी दिसतात, त्यामुळे तीन चित्रांतच चक्र पूर्ण होतं आणि ते हवं तेवढं फिरवत ठेवता येतं. पाण्याच्या थेंबांना असंच आठ चित्रांचं चक्र करा, पण दोन-तीन धारा वेगवेगळ्या चित्रापासून सुरू करा. सगळे थेंब एका तालात पडले की कवायत वाटते.

पार्श्वभूमी भागाला आठ ते दहा लागतात. मे महिन्याची नागपूरची दुपार रंगवताना सगळं पिवळंधमक करायचा मोह टाळा. त्या उन्हात रंग उडालेले, पांढुरके दिसतात आणि सावल्या पायाशी आखूड, गडद असतात. हिरव्या जाळीखालची गॅलरी, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला कूलर, त्याखाली पाण्याने पडलेला पांढरा क्षाराचा डाग. हा डाग काढलात तर नागपूरचा माणूस लगेच 'आपलं घर' म्हणतो. घराच्या आतला भाग मात्र निळसर आणि मऊ ठेवा. रामभौला जे हवंय ते त्या निळ्या खोलीत आहे. रंगानेच ते सांगायचंय.

कामाची शिस्त, थोडक्यात

फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि अंकांत, रिकामी जागा न सोडता: आधी भाग, मग दृश्य, मग शॉट, मग आवृत्ती. 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं नकोत. शॉट रेंडर करताना, म्हणजे संगणकातून तयार करून बाहेर काढताना, थेट व्हिडिओ म्हणून काढू नका, पीएनजी चित्रांची मालिका काढा. मध्येच वीज गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे काढता येतं. यूपीएस असू द्याच. खोलीत कूलर लावत असाल तर त्याचा झोत संगणकावर सरळ येऊ देऊ नका. दमट हवा आणि धूळ एकत्र येऊन पंख्याच्या जाळीवर थर बसतो आणि रेंडर चालू असतानाच यंत्र तापून बंद पडतं.

मराठी श्रेयनामावलीत काही अॅनिमेशन प्रोग्राम जोडाक्षरं तोडतात, 'ऱ्या' आणि 'क्ष' तर हमखास. मजकूर क्रिटा किंवा इंकस्केपमध्ये लिहून, नीट दिसतोय याची खात्री करून, चित्र म्हणून आणा.

शेवटी आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आसपास आणि शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. मग तो भाग साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून ऐका. बहुतेक लोक तसाच ऐकणार आहेत. संवाद पंख्यात बुडत असेल तर संगीत ३-४ डेसिबल खाली आणा.

भाग कोणत्या क्रमाने बनवायचे

प्रसारणाच्या क्रमाने बनवू नका. आधी दुसरा भाग बनवा, मग तिसरा, चौथा, आणि त्यानंतर पहिला. तोपर्यंत हात बसलेला असतो, बाहुलीतल्या चुका सुधारलेल्या असतात, नटाला पात्राचा आवाज गवसलेला असतो. लोक मालिका बघायची की नाही हे पहिल्या भागावरून ठरवतात, तो तुमचा सर्वात कच्चा भाग असू नये. त्यानंतर पाचवा आणि सहावा. चार भाग हातात तयार असल्याशिवाय पहिला लावू नका. आठवड्याला एक लावायचा म्हटलं तर पहिल्याच्या दिवसापासून तुम्हाला पाचव्या भागासाठी चार आणि सहाव्यासाठी पाच आठवडे मिळतात. पहिला लावताना पाचव्याचं रेंडर अर्धं झालेलं असलं तरच हे जमतं.

सहाव्या भागाचं शेवटचं दृश्य मात्र पहिल्या आठवड्यातच लिहून, रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे बाकीचे पाच भाग कुठे चाललेत हे सगळ्यांना माहीत असतं. रामभौचं दृश्य असं: कूलर सुरू होतो, काकू आतून म्हणतात, "या ना रामभौ, बसा दोन मिनटं गार हवेत." तो दुपट्टा सोडतो, पेचकस खिशात ठेवतो, निळ्या खोलीत येऊन हळूच खुर्चीवर टेकतो. आणि लाइट जाते. पंख्याचं चक्र मंदावताना दर तीन चित्रांनी एक फ्रेम जास्त धरत जा, साधारण ४० फ्रेममध्ये ते थांबू द्या. अंधारात कुणीच बोलत नाही. मग काकूंचा आवाज: "बसा हो. येईल दहा मिनटात."